साडभाऊंच्या शिंकेची इन्क्वायरी

दुर्गपासून रायपूरपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात आमच्या साडभाऊंइतक्या जबाबदारीने शिंकणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. तुम्ही-आम्ही शिंकतो आणि मोकळे होतो. साडभाऊ शिंक येणार असं वाटताच हातातला कप खाली ठेवतात, समोरच्याला खुणेनेच मागे सरकायला सांगतात, पायांत अंतर घेतात, भिंत जवळ असेल तर भिंत धरतात आणि मगच शिंकतात. शिंकून झाल्यावर सभोवार नजर टाकतात, कोणाला इजा झाली नाही याची खात्री करून घेतात आणि कप पुन्हा उचलतात. या गडबडीत पुष्कळदा शिंक मध्येच विरून जाते. तेव्हा ते काम अपुरं राहिल्यासारखे हिरमुसतात.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. मी रेल्वेतला माणूस, गाडी सुटली की सुटली अशा वृत्तीचा. ते भिलाईच्या पोलाद प्लांटच्या सेफ्टी विभागातले. उभा जन्म त्यांनी भट्ट्यांच्या आसपास हिंडून लोकांच्या डोक्यावर हेल्मेट आहे की नाही हे बघण्यात घालवला, आणि रिटायर होऊन वैशाली नगरात घर बांधल्यावर बघायला डोकी उरली नाहीत म्हणून ते घरच्यांकडे वळले. ताई पापड वाळवायला गच्चीवर निघाल्या की हे जिना धरून उभे. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की स्वयंपाकघर रिकामं करायचं. बुद्धविहारात एकदा वंदना चालू असताना सगळ्यांचे डोळे मिटलेले पाहून ते हळूच पुढे गेले आणि मेणबत्त्या पडद्यापासून हातभर लांब सरकवून आले. नातेवाइकाच्या लग्नात नवरा-नवरीला शुभेच्छा द्यायला आम्ही रांगेत उभे होतो, आणि हे मांडवामागे जाऊन केटररच्या सिलेंडरची नळी वास घेऊन तपासत होते. मी टोकलं, तर म्हणाले, "भाऊ, ॲक्सिडेंट होत नसते. ॲक्सिडेंट केला जाते. लोकाले समजत नाही, एवढीच गोष्ट आहे." ताईंच्या पायाला पाटाची ठेच लागली तेव्हा मलम लावायच्या आधी त्यांनी पाट कोणी, कधी, कोणत्या कारणाने तिथे ठेवला याची चौकशी केली होती. पाट त्यांनीच ठेवला होता, असं निघालं. त्यांनी स्वतःला ताकीद दिली.

अशा माणसाला वैशाली नगरातल्या दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस शिंका लागल्या. थंडी उतरत होती, सकाळी स्वेटर घालावा की नको असे ते दिवस. आधी एक-दोन, मग ओळीने, थांबता थांबेनात. नाकातून पाणी, डोळे लाल, आणि मध्येच जिभेने टाळू घासून ते घशातून 'ख्यॅक' असा एक आवाज काढायचे. ताईंना वाटलं, हे आपल्यावर चिडून राहिलेत. पहिल्या वर्षी सर्दी म्हणून निभावलं. पावर हाउसच्या बाजारातल्या एका औषध दुकानदाराने गोळ्या दिल्या, त्या घेऊन साडभाऊ दिवसभर डुलक्या घेत राहिले आणि उन्हाळा लागल्यावर सगळं आपोआप गेलं. पुढल्या वर्षी त्याच दिवसांत पुन्हा सुरू झालं, तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "भाऊजी, एलर्जी तर नसेल?"

त्यांना तो शब्द लागला. "एलर्जी आजकालच्या पोराईले राहते," ते म्हणाले. "आम्ही कोक ओव्हनच्या भट्टीचा धूर खाऊन मोठे झालो. मले कायची एलर्जी?" आणि त्यांनी जाहीर केलं की या प्रकरणाची रीतसर इन्क्वायरी होईल.

ती इन्क्वायरी ज्यांनी पाहिली त्यांना आजही फोडणीचा वास आला की गलबलून येतं. कारण पहिला संशय फोडणीवर गेला. आठवडाभर त्या घरात बिनफोडणीचं वरण शिजलं आणि साडभाऊ ते शिंकत शिंकत जेवले. फोडणी निर्दोष सुटली. मग अगरबत्ती गेली, जुनी वर्तमानपत्रं गेली, माहेरून आलेली ताईंची गोधडी गेली. त्यानंतर संशय माझ्यावर आला. मी दुर्ग स्टेशनवरची धूळ कपड्यांतून आणतो असं ठरलं आणि पुढचे आठ दिवस मला चहा फाटकाबाहेर मिळाला. येणारे-जाणारे मला वसुलीला आलेला माणूस समजून सहानुभूतीने बघायचे. त्यातून माझीही सुटका झाली तेव्हा उरल्या शेजारच्या मास्तरीणबाई.

या बाई छत्तीसगढी, एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या अंगणात झेंडू, मोगरा, गुलाब असं काय काय फुललेलं असायचं आणि पोरांना शिकवावं तशा त्या झाडांशी बोलायच्या. साडभाऊ नाकाला रुमाल लावून त्यांच्या फाटकाशी गेले. "मॅडम, आपके फूलों से हमको तकलीफ हो रही है," त्यांनी सांगितलं. बाईंनी यांच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं, वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी कुंड्या मागच्या बाजूला गेल्या आणि वाफ्यातला झेंडू उपटलेला दिसला. शिंका जशाच्या तशा राहिल्या. फक्त रोज सकाळी कुंपणावरून ताईंशी होणारं बाईंचं बोलणं बंद झालं.

दरम्यान औषधोपचार जोरात होते. आपल्याकडे ताप आला तर माणूस डॉक्टरकडे जातो, शिंक आली तर ओळखीच्यांकडे जातो. एकाने सिविक सेंटरच्या प्रदर्शनातून जंगली मध आणायला सांगितला, एकाने नाकात तेल, एकाने हळदीची धुरी. कोणीतरी लोट्याने एका नाकपुडीतून पाणी घालून दुसरीतून काढायला सांगितलं. ते पाणी साडभाऊंच्या कानात कसं गेलं हे शास्त्राला अजून सांगता आलेलं नाही, पण दोन दिवस त्यांना प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागली. सगळ्यांचं एकमत होतं ते मात्र एकाच गोष्टीवर, ती म्हणजे ताजी हवा. म्हणून पहाटे घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या जात. पांघरुणं गच्चीवर मोकळ्या हवेत वाळत. आणि साडभाऊ स्वतः भल्या सकाळी मैदानावर जाऊन दीर्घ श्वास घेत. आधी ते आंब्याखाली बसायचे. पण आंब्याला मोहोर आला आणि त्यांनी लगेच जागा बदलली. गल्लीच्या टोकाला एका रिकाम्या प्लॉटवर एक मोठं निष्पर्ण झाड होतं. पान नाही, फूल नाही, नुसत्या काळपट काटक्या. "हे सेफ आहे," असं ठरवून ते त्या झाडाखाली सतरंजी टाकू लागले. त्यांचं पाहून आणखी दोघे-तिघे रिटायर लोक येऊ लागले. मलाही एक रविवार बसवलं होतं. साडभाऊ डोळे मिटून, छाती भरभरून ती हवा आत घेत होते, आणि मध्ये मध्ये भिंत नसल्यामुळे झाडाचाच बुंधा धरून शिंकत होते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ताईंचा फोन आला. "लवकर या. यायले दम लागून राहिला. बोलता नाही येऊन राहिलं." मी पोचलो तेव्हा साडभाऊ पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसले होते. श्वास बाहेर टाकताना छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठांचा रंग मला बरा वाटला नाही. ऑटोत मी त्यांच्या शेजारी बसलो. ऑटोवाला मोबाइल कानाला लावून, एका हाताने गाडी चालवत होता. एरवी साडभाऊंनी त्याला तिथल्या तिथे उतरवून त्याची शिकवणी घेतली असती. त्या दिवशी त्यांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं, बोलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस घाबरला आहे, आणि मग मीही घाबरलो.

दवाखान्यात वाफेचं औषध दिल्यावर तासाभरात ते माणसात आले. दुपारी तपासायला आल्या त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आमच्यासारख्याच मूळच्या नागपूरकडच्या, पण वाढलेल्या भिलाईत, त्यामुळे मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवणाऱ्या. त्यांनी नाडी धरता धरता विचारलं, "काका, दरवर्षी याच दिवसांत होते का?"

"हो."

"ताप येते?"

"नाही."

"डोळे खाजतात? टाळू खाजते?"

साडभाऊंनी उत्तर म्हणून 'ख्यॅक' केलं. ताई पदराआड हसल्या. त्या आवाजाचा राग आपल्यावर नव्हता हे त्यांना तेव्हा कळलं.

"सर्दी असती तर आठ-दहा दिवसांत गेली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही महिना-महिना राहते, ताप नाही, खाज आहे, नाकातून पाणी नुसतं पाण्यासारखं. ये तो पोलन लग रहा है. झाडाचे परागकण. नाकापासून सुरू होऊन आता छातीपर्यंत गेलं आहे, म्हणून दम लागला."

"मॅडम, कोक ओव्हनच्या धुराने मले काही नाही झालं."

"धुराचं वेगळं, परागाचं वेगळं. और एलर्जी किसी भी उमर में शुरू हो सकती है."

मग मोगरा, झेंडू, गुलाब यांची नावं साडभाऊंनी आरोपी म्हणून सादर केली. बाई हसल्या. म्हणाल्या, "जे फूल दिसते, ज्याचा वास येते, ते बहुतेक वेळा बेकसूर असते काका. त्याचा पराग जड, तो माशा-भुंगे नेतात. त्रास देणारं फूल बारीक राहते, कोणाच्या नजरेत येत नाही, आणि त्याचा पराग हवेवर उडते." साडभाऊ खाली बघू लागले.

दम पूर्ण बसल्यावर, शिंकांवरच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवून, हातावरची तपासणी झाली. कोपराखाली ओळीने वेगवेगळ्या परागांचे थेंब ठेवून प्रत्येकाखाली सुईचं टोक हलकेच टोचतात आणि वाट बघतात. साडभाऊ हात टेबलावर ठेवून एकटक पाहत होते. थोड्या वेळाने बाकीचे थेंब जसेच्या तसे आणि एका जागी डास चावल्यासारखी गांधी उठली, चांगली फुगली. "याले म्हणतात इन्क्वायरी," ते माझ्या कानाशी कुजबुजले. इतक्या आदराने मी त्यांना कोणाबद्दल बोलताना ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, झाडाचं नाव हिंदीत चिरोल, मराठीत वावळ. हिवाळा सरताना पानं गळून गेल्यावर नुसत्या फांद्यांना बारीक, हिरवट-तपकिरी फुलं येतात, लोकांना झाड वाळलं आहे असंच वाटतं. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. साडभाऊ फोटोकडे बघत राहिले. बाईंनी विचारलं, "हे आहे का घराजवळ?"  शेवटी मीच सांगितलं की हे रोज सकाळी याच्याखाली बसून दीर्घ श्वास घेतात.

उपचारावर मात्र त्यांनी हरकत घेतली. नाकात मारायचा स्प्रे आणि दम लागल्यास ओढायला जवळ ठेवायचा पंप हे म्हणजे एकदा लागलं की सुटत नाही, असं गल्लीतलं ठाम मत होतं. शिवाय शिंका नसताना डिसेंबर-जानेवारीपासूनच स्प्रे सुरू करायचा, हे त्यांना पटेना. "काही झालं नाही तर औषध कावून घ्यायचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, प्लांटमध्ये तुम्ही हेल्मेट कधी घालत होते? डोक्यावर पडल्यावर, की आधी?"

 जन्मभर जे वाक्य साडभाऊंनी दुसऱ्यांना ऐकवलं, ते पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ऐकवत होतं. मग त्यांनी स्प्रे हातात घेतला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "कसा मारायचा, ते दाखवा." मान जरा पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर कानाच्या दिशेने. त्यांनी ते तीनदा करून दाखवलं आणि मग ताईंकडून आणि माझ्याकडूनही करून घेतलं. आमच्या नाकांचा काही संबंध नव्हता.

खरी पंचाईत पुढेच होती. गल्लीत बातमी पसरली आणि प्लॉटचे मालक दुसऱ्याच दिवशी हजर झाले. त्यांना ते झाड कधीचं नको होतं, कारण त्यांना तिथे दुकानं काढायची होती. ते एकदम साडभाऊंच्या तब्येतीची काळजी करू लागले. "आप बस बोल दीजिए," ते म्हणाले, "कि झाड से जान को खतरा है. आपकी बात सब मानते हैं." गल्लीतले सगळे जमले होते. झाडाखाली बसणारे रिटायर लोक सर्वांत पुढे होते, आणि ज्यांना कधी एक शिंक आली नाही तेही नाकाला रुमाल लावून उभे होते. ताई म्हणाल्या, "हो म्हणा न. त्या दिवशी मी काय पाह्यलं ते मलेच माहीत." मलाही तेच वाटत होतं.

साडभाऊ रुमाल नाकाला लावून उभे होते. त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "भट्टी गरम असते म्हणून भट्टी तोडत नाही. गार्ड लावतो, माणसाले शिकवतो. हे एक कापाल, बाकी शहरातल्या झाडाईची हवा येईल, ते कोण कापणार? डॉक्टर मॅडम सांगत होत्या, पराग कोस-कोस उडते." मग मालकांकडे वळून त्यांनी त्यांना कळेल अशा हिंदीत सांगितलं, "इस झाड की कोई गलती नहीं है. उसके नीचे जाके हम बैठे थे."

मालक चिडले. महिनाभर तणातणी झाली, साडभाऊंना लोकांनी वेड्यात काढलं, ताईंनी दोन दिवस अबोला धरला. पण ज्याच्या नावावर झाड तोडायचं तोच माणूस आड आल्यावर प्रकरण पुढे सरकेना, आणि मग ते थंडावलं. त्याच महिन्यात एका संध्याकाळी साडभाऊ तोंडाला मास्क लावून, दोन्ही हातांत झेंडूची रोपं घेऊन मास्तरीणबाईंच्या फाटकाशी उभे राहिलेले मी पाहिले. "मॅडम, इन्क्वायरी में आपके फूल बेकसूर निकले," ते म्हणाले. बाईंनी रोपं घेतली, त्यांची मुळं ओली आहेत का ते बघितलं आणि म्हणाल्या, "मोला तो पहिली ले पता रिहिस." आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं, असं.  मग बाईंनी कुंपणावरून ताईंना हाक मारली आणि आत चहा ठेवला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांच्या घरी, प्लांटमध्ये दुरुस्तीसाठी वर्षातून एकदा असतो तसा, त्यांच्याच शब्दांत, 'ॲन्युअल शटडाउन' असतो. सकाळच्या वेळी खिडक्या बंद. कपडे घरात दोरीवर. बाहेरून आलेल्याने आधी हातपाय-तोंड धुवायचं, डोक्यावरून ओला हात फिरवायचा, मगच 'जय भीम' करायचं. फिरणं संध्याकाळी, चष्मा लावून. पंप खिशात, दुसरा ताईंच्या पर्समध्ये. त्यांच्या मुलीला बघायला रायपूरहून मंडळी आली तीही याच दिवसांत. त्यांना दारातच ओले टॉवेल देण्यात आले आणि पोह्यांच्या आधी पराग या विषयावर माहिती देण्यात आली. आमची मान खाली. इतक्यात मुलगा शिंकला. एकदा, दोनदा, ओळीने. त्याच्या आईने चटकन सांगितलं, "सर्दी आहे." साडभाऊ खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "दरवर्षी याच दिवसांत होते का?" त्यांनी विचारलं. मुलाने जिभेने टाळू घासत मान हलवली. पोरीने तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं असं ताई म्हणतात. लग्न झालं, मे महिन्यात, साडभाऊंनी ऋतू तपासून ठरवलेल्या तारखेला.

परवा एप्रिलच्या एका संध्याकाळी मी गेलो तर घरात दोघेही नव्हते. गल्लीच्या टोकाला गेलो. वावळाला कोवळी पालवी आली होती आणि त्याच्या बिया वाऱ्यावर उतरत होत्या. कागदासारखी गोल, पातळ चकती, मध्ये एक दाणा. सगळ्या गल्लीभर त्यांचा सडा पडला होता. साडभाऊ आणि ताई झाडाखालच्या दगडावर बसले होते. साडभाऊंच्या मांडीवर रुमाल, त्यावर मूठभर बिया. ते नखाने एकेक चकती सोलून दाणा काढत आणि ताईंच्या हातावर ठेवत.

"खाऊन पाहा," त्यांनी मलाही एक दिला. चारोळीसारखा लागला, किंचित गोड. "तुम्ही?" मी विचारलं.

"मले मनाई आहे. मॅडमले विचारलं होतं मी. नका खाऊ म्हणाल्या." ते पुढची बी सोलू लागले. मग हातातलं काम न थांबवता म्हणाले, "आमाले क्वार्टर भेटाच्या आधी बाबा एकटे भिलाईत राहत होते. मी मायसंग गावी. तिथे हेच झाड होतं. माय असंच सोलून द्यायची."

"मग तुम्ही ओळखलं कसं नाही, भाऊजी?"

त्यांनी सोललेला दाणा तळहातावर घेतला आणि त्यावरची साल फुंकून उडवली.

"झाडाकडे कोण पाहत होतं, भाऊ," ते म्हणाले. "मी तिच्या हाताकडे पाहत होतो."